क्रॅश अहवाल : संगणकातून काय बाहेर जाते आणि ते कसे थांबवावे

सुरतेच्या हिरेबाजारात ‘जांगड’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. विक्री न होता केवळ पसंतीसाठी किंवा दाखवण्यासाठी विश्वासावर दिलेला माल म्हणजे जांगड. माल दलालाच्या हाती असतो, मालकी मात्र देणाऱ्याचीच राहते. मालकाला न विचारता तो तिसऱ्याच्या हाती सोपवणे हा बाजारात विश्वासघात समजला जातो. मराठी पेठांनाही हा शब्द आणि त्यामागची रीत परिचित आहे.

आज त्याच सुरतेत दुसऱ्याचा माल केवळ पुडीत किंवा गाठोड्यात नसतो. तो संगणकातही असतो. कच्चा हिरा कापण्यापूर्वी त्याचे स्कॅनिंग होते, पडद्यावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी राहते आणि त्यातून किती, केवढे नि कोणत्या आकाराचे हिरे निघतील याची आखणी केली जाते. ही आखणी ज्याने पाहिली, त्याला त्या दगडाची किंमत कळली. रिंगरोडच्या कापडबाजारासाठी काम करणाऱ्या नक्षीकारांच्या संगणकावर पुढच्या हंगामाच्या साड्यांची नक्षी असते. उधना, लिंबायत या भागांत मोठ्या संख्येने राहणाऱ्या खानदेशी मराठी कुटुंबांतील कितीतरी तरुण आज अशाच संगणकांपुढे बसून रोजगार मिळवतात. त्यांच्या समोरची फाइल बहुतेकदा त्यांची नसते. ती जांगडच असते.

काम चालू असताना प्रोग्रॅम अचानक गोठतो, खिडकी पांढरी पडते आणि ‘प्रोग्रॅम बंद पडला आहे’ असा निरोप पडद्यावर येतो. काम करणारा चुटपुटतो, प्रोग्रॅम पुन्हा उघडतो आणि घडलेले विसरतो. त्या काही क्षणांत संगणकाने या बिघाडाची नोंद तयार केलेली असते आणि रचना तशी ठरवलेली असेल तर ती निर्मात्या कंपनीकडे पाठवलेलीही असते. या नोंदीला क्रॅश अहवाल म्हणतात. त्यात काय असते, तो का मागितला जातो आणि नको असल्यास तो कसा बंद करावा, याची माहिती संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक आहे.

अहवालात काय असते?

प्रत्येक प्रोग्रॅमला कार्यप्रणाली मेमरीचा ठरावीक भाग नेमून देते. प्रोग्रॅमने त्या हद्दीबाहेर हात घातला किंवा जी कृती शक्यच नाही ती करू पाहिली, तर कार्यप्रणाली त्याला तत्काळ थांबवते. यालाच क्रॅश म्हणतात. विंडोज प्रणालीत अशा वेळी ‘विंडोज एरर रिपोर्टिंग’ ही व्यवस्था जागी होते. प्रथम ती मोजकी माहिती गोळा करते: प्रोग्रॅमचे नाव, त्याची आवृत्ती, त्याच्या कोणत्या घटकात दोष उद्भवला, नेमक्या कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या प्रकारचा. एवढ्या तपशिलावरून जगभरातील एकाच जातीचे बिघाड एका गटात टाकता येतात.

एखाद्या गटाबाबत अधिक माहिती हवी असेल तर पुढची पायरी येते. तिला मेमरी डंप म्हणतात. बिघाडाच्या क्षणी प्रोग्रॅमच्या मेमरीत जे काही होते, त्याची ही नक्कल असते. तिचे लहानमोठे प्रकार आहेत. छोट्या नकलेत प्रोग्रॅम त्या क्षणी काय करत होता याची साखळी, वापरात असलेल्या घटकांची यादी आणि मेमरीचे काही तुकडे येतात. मोठ्या नकलेत प्रोग्रॅमची जवळजवळ सगळी मेमरी येऊ शकते.

चिंतेचे कारण इथेच आहे. उघडी फाइल मेमरीतच असते. पत्र लिहिताना प्रोग्रॅम कोसळला तर पत्राचा मजकूर, हिशेब मांडताना कोसळला तर त्यातील आकडे, नक्षी रंगवताना कोसळला तर त्या नक्षीचा अंश नकलेत येऊ शकतो. ही केवळ शंका नाही. ऐच्छिक निदान-माहितीत क्रॅशच्या वेळची मेमरीची स्थिती समाविष्ट असते आणि तीत वापरात असलेल्या फाइलचे काही भाग अनवधानाने येऊ शकतात, असे मायक्रोसॉफ्टने आपल्या गोपनीयताविषयक माहितीत स्वतःच नमूद केले आहे.

मागितला का जातो?

क्रॅश अहवालामागे मुळात कुटिल हेतू नाही. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ‘डॉक्टर वॉटसन’ नावाचे साधन बिघाडाची नोंद संगणकावरच करून ठेवत असे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने ही नोंद इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवण्याची सोय घरोघरी पोहोचवली. ‘अहवाल पाठवा’ आणि ‘पाठवू नका’ अशी दोन बटणे असलेली ती चौकट त्या काळी संगणक वापरणाऱ्यांना आजही आठवत असेल.

या अहवालांनी अभियंत्यांचा एक जुना समज बदलला. सगळे दोष सारखेच त्रासदायक नसतात. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सांगितले होते की, सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्मे. आधी कोणता दोष दुरुस्त करावा हे जगभरातून आलेल्या अहवालांच्या संख्येवरूनच कळते. कंपनीच्या अभियंत्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, विंडोज व्हिस्टाच्या चाचणी आवृत्त्यांतील पाच हजारांहून अधिक दोष या व्यवस्थेच्या साह्याने सापडले आणि दूर झाले.

अलीकडचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने केलेल्या तांत्रिक विश्लेषणाचा आधार ग्राहकांकडून आलेले क्रॅश अहवाल हाच होता. हे अहवाल केवळ ते पाठवण्यास राजी असलेल्या ग्राहकांकडून आणि नमुन्यादाखल गोळा होतात, असेही कंपनीने तेव्हा स्पष्ट केले. सारांश, ज्याच्या संगणकावर खासगी किंवा दुसऱ्याचे काही नाही, त्याने अहवाल पाठवणे सुरू ठेवले तर त्यात सर्वांचेच हित आहे.

धोका कुठे आहे?

अहवाल घराबाहेर पडला की तो दोन ठिकाणी अडचणीत आणू शकतो: वाटेत आणि मुक्कामी.

वाटेतल्या धोक्याचा पुरावा डिसेंबर २०१३ मध्ये पुढे आला. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था विंडोजचे क्रॅश अहवाल वाटेत टिपून एखाद्या संगणकाची माहिती मिळवते, असे वृत्त ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाने त्या संस्थेच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिले. कोणत्या संगणकावर कोणता प्रोग्रॅम आहे आणि तो कुठे कमकुवत आहे, हे घुसखोराला अहवालातून आयतेच कळते. त्या काळी अहवालाची पहिली, मोजकी माहिती कूटबद्ध न करताच पाठवली जात असल्याचे सुरक्षा संशोधकांनीही दाखवून दिले. आज ही माहिती कूटबद्ध स्वरूपात जाते. त्यामुळे वाटेतला धोका पुष्कळ कमी झाला आहे.

मुक्कामी असलेल्या धोक्याची कथा अधिक बोलकी आहे. २०२३ च्या मे महिन्यापासून चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका गटाने सुमारे २५ संस्थांच्या ईमेल खात्यांत प्रवेश मिळवला. त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची एक गुप्त स्वाक्षरी-किल्ली वापरण्यात आली. ती चोरांच्या हाती कशी लागली? कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, एप्रिल २०२१ मध्ये तिच्याच एका यंत्रणेत क्रॅश झाला, त्याच्या मेमरी डंपमध्ये ती किल्ली चुकून राहिली आणि तो डंप पुढे कमी संरक्षित जाळ्यात नेला गेला. मार्च २०२४ मध्ये मात्र कंपनीने या निवेदनात दुरुस्ती केली. अशी किल्ली असलेला डंप प्रत्यक्षात सापडलेला नाही, असे तिने मान्य केले. त्यामुळे हे कारण सिद्ध झालेले नाही. तरीही जगातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला आपली किल्ली डंपमधून निसटली असावी ही शक्यता सर्वाधिक पटण्यासारखी वाटली, यातच डंप किती जपून हाताळावा लागतो हे आले.

अहवाल कोणी बंद करावा?

निर्णय घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: संगणकावर उघडी असलेली फाइल कोणाची आहे?

विद्यार्थ्याचा निबंध, घरचे फोटो, करमणुकीचे खेळ एवढेच असेल तर हा केवळ वैयक्तिक पसंतीचा विषय आहे. हिऱ्याची आखणी करणारा, साडीची नक्षी तयार करणारा, ग्राहकांची विवरणपत्रे भरणारा लेखापाल, अशिलांची कागदपत्रे सांभाळणारा वकील, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा डॉक्टर यांची गोष्ट वेगळी आहे. हा प्रश्न सुरतेपुरता उरत नाही. पणजीतील लेखापालाच्या, म्हापशातील वकिलाच्या, मडगावातील दवाखान्याच्या संगणकावरही दुसऱ्याने विश्वासाने दिलेलेच कागद असतात. अशा फाइलचा अंश बाहेर पाठवण्यास संमती देण्याचा अधिकार काम करणाऱ्याचा नाही. तो कागद देणाऱ्याचा आहे. आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा ठरतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. दुसऱ्यांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्याने तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजावेत, अशी या कायद्याची अपेक्षा आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साडीची नक्षी किंवा हिऱ्याची आखणी ही मात्र वैयक्तिक माहिती नव्हे. ती व्यापारी गुपितात मोडते आणि भारतात व्यापारी गुपितांसाठी अद्याप स्वतंत्र कायदा नाही. असा कायदा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मधील आपल्या २८९ व्या अहवालात केली आहे. तोवर या मालाचे रक्षण करार आणि परस्परविश्वास यांवरच मुख्यतः अवलंबून आहे. म्हणूनच काळजी आधी घेणे इष्ट.

विंडोजवर कसे बंद करावे?

विंडोज ११ मध्ये स्टार्ट मेनूतून ‘सेटिंग्ज’ उघडावे. डावीकडील यादीतून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ निवडावे. ‘सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा’ हे बटण बंद करावे. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी’, ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ असा मार्ग आहे. तिथे ‘रिक्वायर्ड’ म्हणजे आवश्यक तेवढीच माहिती हा पर्याय निवडावा. जुन्या आवृत्तीत त्याचे नाव ‘बेसिक’ असे आहे. एवढ्याने मेमरीची स्थिती समाविष्ट असलेले सविस्तर अहवाल थांबतात आणि सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी ही पायरी पुरेशी आहे.

त्याच पानावर दोन उपयुक्त सोयी आहेत. ‘डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर’ या साधनातून संगणकाने कंपनीकडे काय पाठवले हे पाहता येते. त्यात बिघाडाच्या अहवालांचा स्वतंत्र विभाग आहे. ‘डिलीट डायग्नोस्टिक डेटा’ या बटणाने त्या संगणकावरून कंपनीने गोळा केलेली निदान-माहिती पुसण्याची विनंती करता येते. बटण बंद करण्यापूर्वी आजवर काय गेले हे एकदा डोळ्यांखालून घालणे उद्बोधक ठरते.

‘आवश्यक’ माहिती मात्र घरगुती आणि प्रोफेशनल आवृत्तीत सेटिंग्जमधून पूर्णपणे बंद करता येत नाही. यंत्राचा प्रकार, त्याची रचना आणि ते नीट चालते की नाही अशी मर्यादित माहिती जातच राहते. निदान-माहिती पूर्ण बंद ठेवण्याची सोय एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत आहे.

ज्यांना क्रॅश अहवालाची यंत्रणाच थांबवायची आहे, त्यांनी स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत ‘सर्व्हिसेस’ शोधून ती खिडकी उघडावी. यादीत ‘विंडोज एरर रिपोर्टिंग सर्व्हिस’ सापडेल. तिच्यावर दोनदा क्लिक करून ‘स्टार्टअप टाइप’ या रकान्यात ‘डिसेबल्ड’ निवडावे, ‘अप्लाय’ करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यासाठी संगणकाचे प्रशासकीय अधिकार लागतात. अनेक संगणक असलेल्या कार्यालयात प्रत्येक यंत्रापुढे बसण्यापेक्षा तंत्रज्ञाने ग्रुप पॉलिसीचा आधार घ्यावा. प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांत ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘विंडोज एरर रिपोर्टिंग’ या क्रमाने गेल्यास ‘डिसेबल विंडोज एरर रिपोर्टिंग’ हे धोरण मिळते.

काही छोट्या कारखान्यांत जुन्या यंत्रांना जोडलेले विंडोज ७ चे संगणक अजून दिसतात. तिथे ‘कंट्रोल पॅनल’मधील ‘ॲक्शन सेंटर’ उघडून ‘प्रॉब्लेम रिपोर्टिंग सेटिंग्ज’मध्ये जावे आणि चारपैकी शेवटचा, कधीही न तपासण्याचा पर्याय निवडावा. मात्र विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. अशा संगणकाला क्रॅश अहवालापेक्षा जुन्या प्रणालीचा धोका कितीतरी मोठा आहे. तो शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावा.

मॅक आणि लिनक्सवर

ॲपलच्या मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्याखाली ‘ॲनॅलिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स’ उघडावे. ‘शेअर मॅक ॲनॅलिटिक्स’ आणि ॲप तयार करणाऱ्यांना माहिती देण्याचे बटण, अशी दोन्ही बंद करावीत. २०२२ पूर्वीच्या प्रणालींत हेच पर्याय ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’मधील गोपनीयतेच्या विभागात असतात. मॅकवरील नेहमीचा क्रॅश अहवाल वाचता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात असतो आणि ‘कन्सोल’ या ॲपमध्ये तो पाहता येतो. काय जाते याची शंका असणाऱ्याने तो उघडून पाहावा.

उबुंटू लिनक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’ विभागात ‘डायग्नोस्टिक्स’ हा पर्याय असतो. तिथे कॅनॉनिकल कंपनीकडे बिघाड-अहवाल पाठवण्याबाबत ‘नेव्हर’ निवडावे. दरवेळी विचारून पाठवण्याचा मधला पर्यायही तिथे असतो. ज्यांना सहकार्य करायचे आहे, पण प्रत्येक वेळी विचार करूनच, त्यांच्यासाठी तो योग्य आहे.

प्रणाली बंद, प्रोग्रॅमचे काय?

इथे अनेकांची फसगत होते. कार्यप्रणालीचा अहवाल बंद केला की सगळे बंद झाले, असे नाही. कितीतरी प्रोग्रॅम स्वतःची वेगळी व्यवस्था बाळगतात आणि आपल्या निर्मात्याकडे स्वतंत्रपणे अहवाल पाठवतात. प्रत्येकाचे दार वेगळे लावावे लागते.

गूगल क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘यू अँड गूगल’, ‘सिंक अँड गूगल सर्व्हिसेस’ या मार्गाने जाऊन क्रोम सुधारण्यास साह्य करण्याचे बटण बंद करावे. वापराची आकडेवारी आणि क्रॅश अहवाल त्यातूनच जातात. फायरफॉक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानाच्या खालच्या भागात माहिती गोळा करण्याविषयीचे पर्याय आहेत. त्यांतील क्रॅश अहवाल आपोआप पाठवण्याची खूण काढावी. मायक्रोसॉफ्ट एज हा ब्राउझर विंडोजवर प्रणालीच्याच निवडीनुसार वागतो. वर्ड, एक्सेल आदी ऑफिस प्रोग्रॅमसाठी ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अकाउंट प्रायव्हसी’ येथे जाऊन ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ऐच्छिक निदान-माहिती नाकारावी.

फोटोशॉपसारखे नक्षीकामाचे प्रोग्रॅम कोसळल्यावर बहुधा स्वतःची चौकट दाखवतात. त्या वेळी घाईने ‘पाठवा’ दाबले जाते, कारण हात कामाकडे परतायला उतावीळ असतो. चौकट वाचण्यासाठी थांबावे लागणारे ते दहा सेकंद वाया जात नाहीत. हिऱ्यांची आखणी, भरतकामाची यंत्रे किंवा हिशेब यांसाठीच्या खास सॉफ्टवेअरबाबत विक्रेत्याला थेट विचारावे: बिघाड झाल्यास कोणती माहिती जाते, कुठे जाते, किती काळ ठेवली जाते आणि ती बंद कशी करता येते? उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

संगणकातच उरलेल्या नकला

पाठवणे बंद केले, तरी नक्कल तयार होणे बंद होतेच असे नाही. विंडोज काही डंप आणि अहवाल डिस्कवर साठवून ठेवते. संपूर्ण प्रणाली कोसळून निळा पडदा येतो तेव्हाही मेमरीची नक्कल डिस्कवर लिहिली जाते. संगणक दुरुस्तीला दिला, विकला किंवा भंगारात काढला तर या नकला त्याच्याबरोबर जातात. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने हा मार्गही लक्षात ठेवला पाहिजे.

विंडोज ११ आणि १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ येथे गेल्यास तात्पुरत्या फाइलींची यादी दिसते. त्यातील विंडोजचे बिघाड-अहवाल आणि निळ्या पडद्याच्या वेळचे मेमरी डंप यांपुढे खूण करून ते काढून टाकावेत. संगणक कायमचा हातावेगळा करताना एवढ्यावर विसंबू नये. त्याची डिस्क कूटबद्ध केलेली असावी आणि विकण्यापूर्वी ती पूर्णपणे पुसावी. दुरुस्तीला देताना शक्य असेल तर डिस्क काढून ठेवावी.

निळ्या पडद्याच्या वेळची नक्कल मुळातच लिहू नये, अशीही तजवीज ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या खिडकीत करता येते. ती शहाणपणाची ठरतेच असे नाही. संगणक वारंवार कोसळू लागला तर कारण शोधणाऱ्या तंत्रज्ञाला त्याच नकलेचा आधार असतो. छोटी नक्कल ठेवण्याचा पर्याय निवडणे हा सुवर्णमध्य होय.

बंद केल्यावर काय लक्षात ठेवावे?

क्रॅश अहवाल बंद करणे म्हणजे संगणक सुरक्षित करणे नव्हे. सुरक्षेची अद्ययावतीकरणे चालूच ठेवली पाहिजेत. अहवाल नाकारल्याने ती मिळणे थांबत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून अद्ययावतीकरणही बंद करणारा वापरकर्ता लहान धोका टाळून मोठा ओढवून घेतो. त्याचप्रमाणे ‘गोपनीयता एका क्लिकवर’ असे सांगणारी अनोळखी मोफत साधने इंटरनेटवरून उतरवून घेऊ नयेत. वर दिलेले सर्व बदल कोणत्याही बाहेरच्या साधनाविना करता येतात.

अहवाल बंद असताना एखादा प्रोग्रॅम सतत कोसळत असेल तर त्याचा निर्माता मदतीसाठी डंप मागू शकतो. अशा वेळी मालकाची खरी फाइल बाजूला ठेवावी, निरुपयोगी नमुना फाइल उघडून बिघाड पुन्हा घडतो का ते पाहावे आणि त्याच वेळचा डंप द्यावा. निर्मात्याला दोष सापडतो आणि दुसऱ्याचा माल घरातच राहतो. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे साधनही उपयोगी पडते. कोणत्या दिवशी कोणता प्रोग्रॅम कोसळला याची तारीखवार नोंद ते दाखवते.

कार्यालयात हा निर्णय प्रत्येक कर्मचाऱ्यावर सोडू नये. कोणत्या संगणकावर अहवाल बंद असावेत, डंप किती दिवसांनी पुसावेत, दुरुस्तीला देताना काय काढून ठेवावे, हे एका कागदावर लिहून सर्वांना द्यावे. नवा संगणक आणल्यावर आणि विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यावर सेटिंग्ज पुन्हा तपासाव्यात. नव्या संगणकाची जुळणी चालू असतानाच निदान-माहितीविषयी विचारणा होते. तिथेच आवश्यक तेवढीच माहिती देण्याचा पर्याय निवडता येतो.

हिरेबाजारात जांगडीचा माल घेणारा पुडी उघडताना दिवा नीट लावतो, दगड मोजतो, वजन करतो आणि परत देताना तेच पुन्हा करतो. या सवयीवरच बाजाराचा विश्वास टिकून आहे. संगणकावर दुसऱ्याची फाइल उघडणाऱ्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सेटिंग्जचे एक पान उघडण्याची पाच मिनिटे लागतात.